शेवटचा शिक्का

माणसाच्या बोलण्यात काही वाक्ये अशी असतात, की बोलणाऱ्याला वाटते आपण सर्व काही सांगून टाकले. आणि ऐकणाऱ्याच्या पदरात मात्र काहीच पडलेले नसते. ‘पोटात दुखते’ हे त्यांपैकी एक. ‘पोराचे अभ्यासात लक्ष नाही’ हे दुसरे. चांगला वैद्य पहिल्या वाक्यावर पुडी बांधून देत नाही. तो पोटावर चार बोटे ठेवतो, हलकेच दाबतो आणि विचारतो, ‘इथे, की इथे?’ दुसऱ्या वाक्याच्या बाबतीत मात्र लोक असे बोट ठेवून पाहत नाहीत. शिकवणी लावून मोकळे होतात. या दोन वडीलधाऱ्या वाक्यांच्या पंगतीला अलीकडे एक तिसरे येऊन बसले आहे. ते म्हणजे, ‘लॅपटॉप सुरू होत नाही.’

हे वाक्य घरात उच्चारले गेले, की भर पेरणीत बैल बसल्यासारखी सर्वांची मुद्रा होते. मग उपाय सुचवणाऱ्यांना ऊत येतो. एकजण म्हणतो, बॅटरी गेली. दुसरा म्हणतो, व्हायरस शिरला. तिसरा, ज्याच्या खिशातून पैसे जायचे नसतात तो, म्हणतो, ‘नवीनच घेऊन टाका आता!’ शेजारचा मुलगा तर काहीएक न विचारता आत येतो, बटण दाबून धरतो आणि यंत्राकडे अशा नजरेने पाहतो, की भिऊन तरी ते सुरू व्हावे. या साऱ्या गलबल्यात एक साधा प्रश्न कोणी विचारीत नाही: सुरू होत नाही म्हणजे ते कुठवर येते आणि कुठे थांबते?

मी कोणी यंत्रविशारद नव्हे. दहावीनंतर मी शाळेच्या वर्गात पुन्हा पाऊल टाकले ते शिकवायलाच. पण कादंबऱ्या लिहिण्याच्या नादापायी गेली पंधरा वर्षे लॅपटॉपशी माझा संसार चालला आहे. आणि ज्याच्याशी संसार करायचा, त्याच्या प्रकृतीची थोडीफार जाण माणसाला येतेच. त्या जाणिवेच्या जोरावर एक गोष्ट सांगतो. यंत्र सुरू होणे ही एक क्रिया नसून पुष्कळ क्रियांची रांग असते. आपल्याला ती एकच वाटते, याचे कारण आपण एकच बटण दाबतो.

संगणक सुरू होण्याला इंग्रजीत ‘बूट’ होणे म्हणतात. हा बूट आपल्या पायातलाच. उंच बुटाच्या मागे, तो पायात ओढून चढवता यावा म्हणून, एक बंद शिवलेला असतो. आपल्याच बुटाचा बंद धरून आपणच आपल्याला वर उचलणे, ही इंग्रजीतली एक अशक्य करामत. संगणकाला नेमकी तीच करावी लागते. त्याला चालवायच्या सूचना त्याच्या साठवणीत असतात. पण त्या साठवणीतून वाचायच्या कशा, हे सांगायलाही सूचनाच लागतात! मग पहिली सूचना वाचणार कोण? जुन्या काळी याचे उत्तर होते, माणूस. १९६५ साली बाजारात आलेल्या पीडीपी-८ नावाच्या संगणकाच्या दर्शनी फळीवर कळांची ओळ असे. त्या कळा वर-खाली करून माणूस पहिल्या मोजक्या सूचना हाताने भरी. तेवढ्या बळावर यंत्र कागदी फितीवरच्या पुढच्या सूचना वाचू लागे. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्याच्याही आधी, १९६० साली, ‘टिफ्रॅक’ हा संगणक उभा राहिला होता. त्यात हजारो निर्वात नळ्या होत्या. त्या काळचे संगणक खोली व्यापून बसत, आणि त्यांना हलवायला-बोलवायला माणसेही तशीच खोलीभर लागत. आजच्या लॅपटॉपमध्ये तो पहिला माणूस एका नखाएवढ्या चिपमध्ये जाऊन बसला आहे, इतकाच काय तो फरक.

बटण दाबताच ही चिप जागी होते. ती आधी घरातली माणसे मोजते: स्मृतीची पट्टी आहे ना, कळफलक आहे ना, साठवणीची डिस्क आहे ना? सगळे हजर असले, की ती डिस्कच्या ठरावीक जागी ठेवलेल्या एका छोट्या कार्यक्रमाच्या हाती सूत्रे देते. तो कार्यक्रम विंडोजसारख्या मोठ्या प्रणालीचा गाभा उचलून आणतो. गाभा आपली हाताखालची मंडळी, म्हणजे पडदा, आवाज, कळफलक यांना चालवणारे कार्यक्रम, गोळा करतो. मग नाव-परवलीचा शब्द विचारणारी पाटी येते, आणि शेवटी आपली नेहमीची चित्रे. पूर्वी डाकेची थैली एका हरकाऱ्याच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाई, तसाच हा प्रकार. प्रत्येकाने आपला टप्पा धावायचा आणि पुढच्याच्या हाती थैली देऊन बाजूला व्हायचे.

हरकाऱ्याची उपमा मला सुचली ती माझ्या मेहुण्यांमुळे. थोरल्या बहिणीच्या यजमानांना आमच्याकडे दाजी म्हणतात. दाजी टपालखात्यात होते. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. रजिस्टर पत्र पोचले नाही म्हणून कोणी तावातावाने आले, की ते शांतपणे विचारीत, ‘शेवटचा शिक्का कुठला?’ त्यांचे म्हणणे असे, की हरवलेले पत्र अख्ख्या देशात शोधायचे नसते. जिथला शिक्का बसला तिथवर ते आलेले आहे. जिथला बसला नाही तिथे ते पोचलेले नाही. जे काही झाले ते या दोन गावांच्या मध्ये. ‘निम्मा हिंदुस्थान तिथल्या तिथे वजा होतो की नाही?’ असे म्हणून ते चष्मा पुसायला घेत.

हा शिक्का पाहण्याचा महिमा १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाने पाहिला. यंत्रांच्या रक्षणासाठी बसवलेल्या एका प्रणालीची एक सदोष फाइल त्या दिवशी जगभर पोचली, आणि विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे निळा पडदा दाखवून पुनःपुन्हा बंद पडू लागली. विमाने अडली, दवाखाने अडले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. पण त्या यंत्रांपैकी एकाचेही काही फुटले-तुटले नव्हते. चिप ठीक, डिस्क ठीक, विंडोजचा गाभाही ठीक. गाभा आपली मंडळी गोळा करीत असताना त्यांतला एकजण ठेचकाळत होता. ते ठाणे कळल्यावर उपाय सोपा निघाला. ‘सेफ मोड’ म्हणून एक सोय असते. तीत विंडोज अगदी लागतील तेवढीच माणसे घेऊन उठते. तसे उठवायचे, ती एक फाइल पुसायची आणि पुन्हा सुरू करायचे. उपाय मिनिटांचा, पण हजारो ठिकाणी माणसाने स्वतः यंत्रापुढे बसून करायचा. म्हणून त्याला दिवस लागले.

असो. मला सांगायचे आहे ते एवढ्या मोठ्या जगाचे नाही. कराडच्या एका दोन खोल्यांच्या घराचे आहे.

दाजींनी निवृत्तीच्या पैशांतून दोनच वस्तू घेतल्या. आक्काला पाटल्या, आणि स्वतःला लॅपटॉप. लॅपटॉप कशाला, याचे उत्तर त्यांनी बरेच दिवस दिले नाही. पुढे कळले, की ते आपल्या आईच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत होते. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हां यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या, हे दाजींनी कुठेतरी वाचले होते. ‘लाखांत आमच्या म्हातारीच्या कुठल्या असणार? तिच्या तिलाच ठाऊक,’ असे म्हणून ते रोज संध्याकाळी यंत्र उघडून आईपुढे बसत. म्हातारी नव्वदीला टेकलेली. कधी चार ओव्या येत, कधी नुसतीच खोकल्याची उबळ. असे पाच-सहा वर्षे चालले.

गेल्या वैशाखात दाजी गेले. म्हातारी आहे, पण तिची स्मृती आता विरलेल्या लुगड्यासारखी झाली आहे. ओव्या तर गेल्याच, लेक गेला हेही तिच्या ध्यानात राहत नाही. दिवेलागणीला ती दाराकडे पाहून विचारते, ‘आला का?’ आक्का म्हणते, ‘येतील.’ दुसरे काय म्हणणार?

श्रावणात एके रात्री आक्काचा फोन आला.

‘अरे, यांचं यंत्र सुरू होत नाही.’

मी काही विचारण्याआधीच ती पुढे म्हणाली, ‘तू विचारशील म्हणून सगळं बघून ठेवलंय. बटण दाबलं की दिवा लागतो. मग कंपनीचं चिन्ह येतं, ठसठशीत. मग त्याच्याखाली पांढरे ठिपके फेर धरतात. पूर्वी चार फेऱ्यांत काम व्हायचं; आता माझी भाकरी-भाजी होते तरी फिरतच असतात. मग दुरुस्तीची तयारी चालली आहे असं काहीतरी इंग्रजीत येतं, सगळं काळं होतं, आणि पुन्हा पहिल्यापासून. आणि अरे, आतून आवाज येतो. टक्... टक्... दळताना खुंट्याला बांगडी लागते ना, तसा.’

पोस्टमास्तरांची बायको! शेवटचा शिक्का कुठला, तो कसा उमटला, सगळे तिने सांगितले होते.

तिच्या या चार वाक्यांनी किती संशयित सोडवले, ते पाहण्यासारखे आहे. दिवा लागतो, म्हणजे वीज आत पोचते. तो लागत नसता तर आधी भिंतीतल्या सॉकेटवर आणि मग चार्जरवर संशय धरायचा. कधीकधी तर काहीच बिघडलेले नसते, थोडीशी वीजच आत अडकून बसलेली असते. अशा वेळी चार्जर काढावा, बॅटरी निघण्यासारखी असली तर तीही काढावी, सुरू करायचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग नुसत्या चार्जरवर लावून पाहावे. निपचित पडलेले यंत्र यानेही उठून बसते.

चिन्ह ठसठशीत दिसते, म्हणजे पडदा शाबूत. तो काळाच राहिला असता तर खोलीत अंधार करून त्यावर विजेरीचा तिरपा झोत टाकायचा. अंधुक अक्षरे दिसली तर समजावे, की यंत्र चालू आहे, फक्त पडद्यामागचा उजेड गेला आहे. कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा बारीक दिवा लागतो-विझतो का, हेही पाहता येते. लागत-विझत असला तर आत कोणीतरी जागे आहे. काही यंत्रे चिन्ह येण्याआधीच ओळीने शिट्ट्या वाजवतात. त्या शिट्ट्यांची लिपी प्रत्येक कंपनीची निराळी. पण पुष्कळदा तक्रार स्मृतीच्या पट्टीची असते, आणि ती पट्टी काढून खाचेत नीट बसवली की मिटते. दरवेळी तारीख मागे जात असेल, तर आतली नाण्याएवढी तीन व्होल्टची बॅटरी म्हातारी झालेली असते. यांतले आक्काकडे काहीच नव्हते. चिपने घरातली माणसे मोजली होती, थैली पुढे दिली होती. अडले होते ते डिस्कवरून विंडोज वाचून आणण्याच्या टप्प्यावर. आणि तिथेच तो बांगडीचा आवाज होता.

दाजींचा लॅपटॉप जुन्या पद्धतीचा, आत फिरती तबकडी असलेला. या जातीच्या डिस्कचा जन्म १९५६ सालचा. आयबीएम कंपनीच्या त्या पहिल्या यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात, आणि त्यात मावत ५० लाख अक्षरे. दाजींच्या यंत्रातली तबकडी तळहाताएवढी. पण ती मिनिटाला ५,४०० फेरे घेते, आणि तिच्यावरून वाचणारी सुई तिला न शिवता, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावरून तरंगत जाते. टक् टक् आवाज येतो तो बहुधा या सुईला आपली जागा सापडेनाशी झाल्याचा. अशा वेळी यंत्र पुनःपुन्हा सुरू करून पाहणे म्हणजे मोडलेल्या पायाने माणसाला जिना चढायला लावणे.

मी म्हणालो, ‘आक्का, आता बटण दाबू नकोस. अजिबात नको. कापडात गुंडाळून कपाटात ठेव.’

‘बाजारातल्या दुकानात नेलं होतं आज सकाळी,’ ती म्हणाली. ‘तो पोरगा म्हणाला, काकू, फॉर्मॅट मारावा लागेल, विंडोज टाकून देतो, संध्याकाळी घेऊन जा. मी विचारलं, आतलं? तर म्हणाला, डाटा जाईल. मी पिशवीत घातलं आणि परत आले.’

त्या दुकानदाराला मी दोष देत नाही. त्याला ‘सुरू करून दे’ असे सांगितले होते, आणि सुरू करण्याचा त्याच्या माहितीतला सर्वांत जवळचा रस्ता त्याने सांगितला. पण सुरू करणे आणि वाचवणे ही दोन कामे एक नव्हेत, हे त्या पिशवीतून परत आणलेल्या यंत्राने मला जितके स्पष्ट दाखवले तितके दुसऱ्या कशाने दाखवले नसते. दाजींनी सुरुवातीच्या वीसेक ओव्या एका पेनड्राइव्हवर उतरवल्या होत्या. बाकी सारे त्या एका तबकडीवर होते. गायलेली जीभ विसरली होती, आणि उतरवून घेणारा हात राहिला नव्हता.

माझा एक जुना विद्यार्थी साताऱ्याला याच व्यवसायात आहे. सातवीत तो गणितात कच्चा आणि सायकली खोलण्यात पक्का होता. त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘सर, सुरू करायचंच नाही ते. डिस्क बाहेर काढून माझ्या यंत्राला जोडू. एकदाच, जेवढं वाचता येईल तेवढं वाचून घेऊ.’ रविवारी तो पाठीवर पिशवी टाकून कराडला आला. मीही आदल्या संध्याकाळची एस.टी. धरून पोचलो होतो. त्याने आधीच सांगितले, ‘आवाज सारखा येत असेल तर मी हात लावणार नाही, ते मोठ्या प्रयोगशाळेचं काम. अधूनमधून येत असेल तर करून बघू.’ त्याने डिस्क काढून जोडली, कान लावला, आणि मान हलवली. अधूनमधून होता.

त्याने जो कार्यक्रम लावला त्याची रीत मला फार आवडली. ‘डीडीरेस्क्यू’ असे त्याचे नाव. आजारी डिस्कवर एखादी जागा वाचता आली नाही, की विंडोज तिथेच हट्टाने डोके आपटत बसते. हा कार्यक्रम तसे करीत नाही. अडले की ती जागा नोंदवून ठेवतो आणि पुढे जातो. सुरळीत वाचता येते ते सगळे आधी उचलून दुसऱ्या निरोगी डिस्कवर ठेवतो; मग मागे येऊन अडलेल्या जागा थोड्या थोड्या करून पुन्हा पाहतो. मी हसलो. त्याने विचारले, ‘काय झालं सर?’ मी म्हटले, ‘परीक्षेच्या आदल्या दिवशी मी तुम्हांला काय सांगत असे?’ तो लगेच म्हणाला, ‘येणारी गणितं आधी सोडवा, अडलेलं सोडून पुढं जा, शेवटी वेळ उरला तर परत या.’ सातवीत त्याने ते कधी पाळले नव्हते. पण ऐकले होते तर!

रात्रभर ते चालले. आक्काने त्या दोन यंत्रांजवळ समई लावली नाही एवढेच. बाकी बाळंतिणीच्या खोलीसारखी शांतता तिने घरात ठेवली होती. सोमवारी दुपारी मोजदाद झाली. एकंदर ७३ ध्वनिमुद्रणे. त्यांतली ६९ अखंड, दोन तुटक, दोन गेली ती गेली.

‘लाव एखादं,’ आक्का म्हणाली. त्याने हाताला आले ते लावले.

मला वाटले होते ओवी ऐकू येईल. पण आधी दाजींचा आवाज आला. पोस्टमास्तरच ते, प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी त्यांनी शिक्का मारावा तसे गाव आणि तारीख उच्चारली होती. ‘कराड. बारा जानेवारी दोन हजार एकोणीस.’ मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, अगदी सावकाश: ‘हं, आई. म्हण आता.’

ओव्यांचा संग्रह करणाऱ्या कोणा अभ्यासकाने ती सुरुवात निरुपयोगी म्हणून कापून टाकली असती. आक्का मात्र पदर तोंडाशी धरून तेवढेच ऐकत होती. आणि तेव्हा आतल्या खोलीत, बाजेवर, म्हातारी म्हणू लागली. यंत्रातली म्हातारी अजून घसा साफ करीत होती. ही तिच्या आधी लागली. चाल तीच, शब्दही बव्हंशी तेच. लेकाने ‘म्हण’ म्हटले होते आणि ती म्हणत होती. दोन ओव्या झाल्या. मग ती थांबली आणि तिने विचारले, ‘आला का?’

या वेळी आक्काने ‘येतील’ म्हटले नाही. ती आत गेली, तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, ‘ऐकताहेत. म्हणा तुम्ही.’

माझा विद्यार्थी उठून अंगणात गेला. त्याला सिगारेट ओढायची नव्हती, मोबाइल पाहायचा नव्हता. तो नुसताच तुळशीपाशी उभा राहिला.

लॅपटॉपचे म्हणाल तर तो पुढे सुरू झाला. जुनी तबकडी काढून त्याने फिरता भाग नसलेली नवी डिस्क बसवली आणि तीवर सगळे नव्याने घातले. विंडोज १० ची नेहमीची देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली आहे. म्हणून या जुन्या यंत्रावर फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली घालून दिली. आता ते मिनिटाच्या आत उठते. आक्का म्हणाली, ‘सुरू झालं, बरं झालं. नसतं झालं तरी चाललं असतं.’ दोन कामांतले आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते, हे एवढ्या थोड्या शब्दांत कोणत्या पुस्तकात लिहिलेले मला आढळलेले नाही.

शाळेत मी हे रोज पाहतो. मोठा भागाकार फळ्यासारखा वहीभर मांडलेला असतो. पाचव्या पायरीवर कुठेतरी हातचा चुकतो, उत्तर जुळत नाही. मुलगा काय करतो? खोडरबर काढतो आणि पहिल्या आकड्यापासून सगळे पुसू लागतो. खोडरबर हा त्याचा फॉर्मॅट. मी त्याचा हात धरतो. म्हणतो, ‘पुसू नकोस. कुठवर बरोबर आलं ते दाखव.’ तो बोट फिरवत येतो: ही पायरी बरोबर, ही बरोबर, हीही... आणि बोट आपोआप थांबते. त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो तो उत्तर सापडल्याचा नसतो. आपण चार पायऱ्या बरोबर आलो होतो, हे कळल्याचा असतो. सगळे पुसणाऱ्याला हे कधीच कळत नाही. त्याला वाटत राहते, की आपल्याला भागाकारच येत नाही.

माणसांच्या बाबतीतही, बोलणे खुंटलेल्या भावाभावांत, वर्षानुवर्षे पत्र नसलेल्या मैत्रिणींत, असाच एक शेवटचा शिक्का असतो. तिथवर सगळे नीट पोचत होते. पण ते शोधायला बसण्यापेक्षा ‘आमचे संबंध नाहीत’ असे म्हणून नवी प्रणाली घालणे लोकांना सोपे वाटते.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुनी यंत्रे खाली उतरतात आणि भंगाराच्या हातगाडीवर जातात. वाचकहो, तुमच्या घरीही एखादे असेल. ते देण्याआधी त्यात कोणाचे काय आहे, हे घरातल्या सर्वांना एकदा विचारा. जे दुसऱ्यांदा मिळणार नाही, त्याच्या दोन प्रती करा. त्यांतली एक दुसऱ्या गावी, भावाकडे नाहीतर लेकीकडे ठेवा. काही नव्या यंत्रांतली डिस्क कुलूपबंद असते, आणि अडल्या वेळी ती ४८ आकड्यांची किल्ली मागते. ती कागदावर उतरून दागिन्यांच्या डब्यात ठेवा. हे सगळे एका दुपारचे काम आहे. चकल्या तळून झाल्यावर, फराळाचे डबे भरायच्या आधी, सहज होण्याजोगे.

आक्काने तेच केले आहे. तिच्या ओव्यांची एक प्रत आता माझ्या कपाटात आहे. पाकिटावर तिने आपल्या हाताने गाव आणि तारीख घातली आहे.